खडशी मासा आणि नदीचे देणे

आपल्या हातून दुसऱ्याची वस्तू मोडली, तर ती भरून द्यावी, हा नियम कोणालाही वेगळा शिकवावा लागत नाही. शेजाऱ्याचा बांध फोडला तर तो पुन्हा घालून द्यावा लागतो. उसने आणलेले भांडे फुटले तर तसेच दुसरे नेऊन द्यावे लागते. परंतु जी वस्तू बाजारात मिळत नाही, जिचा धनी दारात येऊन भांडत नाही आणि जिच्या नाहीसे होण्याची कोणी फिर्यादही देत नाही, तिची भरपाई कशी करावयाची? नदीतून नाहीसा होत चाललेला मासा ही अशीच एक वस्तू आहे. किंबहुना तिला वस्तू म्हणावे की नाही, येथूनच प्रश्नाला आरंभ होतो.

तासगावसारख्या तालुक्यात राहून माशांचा विचार करणे काहींना विनोदी वाटेल. आमची येरळा वर्षातील कितीतरी महिने कोरडी असते. येथील घराघरांतील चिंता असते ती द्राक्षबागेच्या पाण्याची, बेदाण्याच्या भावाची आणि अवकाळी पावसाची. तथापि हीच येरळा पुढे ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते, आणि कृष्णा ही नुसती पाण्याची वाहिनी नव्हे. तिच्या डोहांत हजारो वर्षे एक जग नांदत आले आहे. त्या जगातील एक मानाचा रहिवासी म्हणजे खडशी, अर्थात महसीर.

ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करातील विल्यम हेन्री साइक्स या अधिकाऱ्याने दख्खनच्या नद्यांतील माशांचे वर्णन १८३९ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील या माशाला त्याने 'खुद्री' असे नाव दिले, आणि आज जगभरचे शास्त्रज्ञ त्यास 'टॉर खुद्री' या नावाने ओळखतात. मोठे, जाड खवले, कणखर अंग आणि निळसर झाक असलेले पर, ही त्याची ओळख. उन्हाळ्यात हा मासा खोल डोहांत आश्रय घेतो. पावसाळ्यात नदीला लोंढा आला की प्रवाहाच्या उलट दिशेने वर चढतो आणि गोट्या-वाळूच्या, खळाळत्या, स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. त्याची अंडी रोहू-कटल्याच्या मानाने थोडी असतात आणि ती एकाच वेळी न देता तो टप्प्याटप्प्याने देतो. म्हणजे निसर्गाने त्याला विपुलतेचे वरदान दिलेले नाही. त्याला हवे आहे वाहते पाणी, स्वच्छ तळ आणि वर जाण्यास मोकळी वाट.

नेमक्या याच तीन गोष्टी आपण त्याच्यापासून काढून घेतल्या. धरणांनी वाट अडवली, वाळूउपशाने तळ खरवडला, सांडपाण्याने आणि कारखान्यांच्या मळीने पाणी नासवले. त्यात सुरुंगाच्या दारूने आणि विषारी द्रव्यांनी मासे मारण्याची क्रूर रीत आली; बोटभर पिल्लेही निसटू नयेत अशी बारीक आसाची जाळी आली. इंद्रायणीकाठी देहूच्या डोहात आणि महाड तालुक्यातील वाळण कोंडीत श्रद्धेच्या बळावर लोकांनी हे मासे पिढ्यान्‌पिढ्या राखले; पण एका डोहाची राखण संपूर्ण नदीच्या दुरवस्थेपुढे कोठवर पुरणार?

लोणावळ्याचा प्रयोग

या ऱ्हासावर एक उपाय आपल्याच राज्यात शोधला गेला, ही अभिमानाची गोष्ट होय. लोणावळ्याच्या वळवण जलाशयाकाठी टाटा वीज कंपन्यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी महसीरच्या कृत्रिम प्रजननाचे कार्य हाती घेतले. राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे संचालक राहिलेले डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि त्यांच्यासमवेत एस. एन. ओगले यांनी त्यासाठी अनेक वर्षे वेचली. ओडिशात १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाची सुई देऊन कार्प माशांचे प्रजनन घडवून आणले होते व देशातील मत्स्यशेतीला त्याने नवी दिशा दिली होती. तथापि महसीरची गोष्ट निराळी होती. त्याचा संयम, त्याची थंड व वाहत्या पाण्याची ओढ, हे सारे नव्याने समजून घ्यावे लागले.

कार्याची रीत थोडक्यात अशी: पावसाळ्यात परिपक्व मादी हलक्या हाताने धरून तिच्या पोटावरून हात फिरवून अंडी कोरड्या भांड्यात घेतात; त्यावर नराचे शुक्रद्रव्य सोडून ती मिसळतात आणि मग वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये पसरतात. साधारण तीन-चार दिवसांत पिल्ले बाहेर पडतात. पोटाशी बलकाची पिशवी घेऊन ती उजेडापासून दूर, ट्रेच्या कोपऱ्यात एकमेकांना बिलगून पडून राहतात. त्या दिवसांत थोडे जरी दुर्लक्ष झाले तरी सर्व श्रम वाया जातात. फलित अंडी ओल्या कापसात ठेवून दूरच्या प्रांतांत पाठवण्याची युक्तीही येथेच विकसित झाली. या केंद्राने गेल्या अर्धशतकात लाखो बोटुकली तयार केली आणि देशाच्या अनेक नद्या-जलाशयांत ती सोडली गेली. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत पूर्वी संकटग्रस्त म्हणून नोंदलेला टॉर खुद्री २०१८ च्या मूल्यमापनात 'किमान चिंतेच्या' वर्गात आला.

येथे एक बाब मुद्दाम ध्यानात घ्यावी. वळवणचे धरण मुंबईला वीज पुरवण्यासाठी बांधले गेले; खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ मध्ये सुरू झाले. ज्या उद्योगाने नदी अडवली, त्याच उद्योगाने पुढे नदीच्या माशासाठी केंद्र उभारले. काही जण यात केवळ प्रतिमेची रंगरंगोटी पाहतील. मला तसे म्हणवत नाही. कर्ज घेणारा हप्ता फेडू लागला, तर त्याची टवाळी करणे न्यायाचे नव्हे. परंतु हप्ता फेडला म्हणजे कर्ज फिटले, असेही म्हणता येत नाही. खरा नैतिक प्रश्न या दोन विधानांच्या मधल्या जागेत उभा आहे.

वाचवले ते नेमके काय?

आमच्या तालुक्यातील बागाईतदाराला हा प्रश्न चटकन समजेल. 'तास-ए-गणेश' ही द्राक्षाची जात याच मातीत थॉमसन सीडलेसमधून निवडून काढलेली. तिच्या काड्यांपासून हजारो एकर बागा उभ्या राहिल्या. प्रत्येक वेल दुसऱ्या वेलीसारखी असावी, हीच तेथे इच्छा असते. कारण घड सारखे हवेत, मणी सारखे हवेत. मात्र त्या वेलीला पाणी, खत, औषध आणि छाटणी देणारा माणूस सतत उभा असतो. शिवाय क्षारपड जमिनीत आणि पाण्याच्या ताणात ती टिकावी म्हणून तिचा डोळा डॉगरिजसारख्या रानवट खुंटावर भरावा लागतो. लाडाकोडात वाढलेल्या फांदीला आधार लागतो तो रानातल्या मुळांचा.

नदीतल्या माशाला बागाईतदार नसतो. त्याला पूर, दुष्काळ, रोग आणि शत्रू यांना स्वतःच तोंड द्यावे लागते, आणि त्यासाठी त्याच्या कुळात विविधता असावी लागते. थोड्याशा नर-माद्यांपासून लक्षावधी पिल्ले काढली, तर संख्या वाढते पण कूळ अरुंद होते. शिवाय टाकीत जे गुण उपयोगी पडतात, ते नदीत पडतीलच असे नाही. ठरल्या वेळी वरून पडणारे खाद्य खाणे आणि माणसाच्या सावलीकडे धाव घेणे, हे टाकीतले शहाणपण नदीत मृत्यूला आमंत्रण ठरते. अमेरिकेतील हूड नदीच्या स्टीलहेड माशांवरील अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. बंदिवासात वाढलेल्या प्रत्येक पिढीमागे नदीत संतती निर्माण करण्याची क्षमता सुमारे ४० टक्क्यांनी घटते, असे त्यात आढळून आले.

याचा अर्थ प्रजनन केंद्रे बंद करावीत असा नव्हे. अर्थ इतकाच की मासा म्हणजे केवळ खवले आणि काटे नव्हेत. लोंढ्याविरुद्ध वर चढण्याची त्याची ओढ, ऋतूची त्याची जाण, त्याच्या कुळाने हजारो वर्षांत एका विशिष्ट नदीशी जुळवलेले नाते, हे सर्व मिळून तो मासा होतो. टाकीत आपण त्याचे बीज राखतो, जीवन राखत नाही. बीज राखणे आवश्यक आहे, पण जो बीज राखतो त्याच्या मनात शेत असले पाहिजे.

सद्हेतू आणि अज्ञान

दुसरी गोष्ट अधिक वेदनादायक आहे. लोणावळ्याच्या केंद्रातील खडशीची पिल्ले कावेरीतही सोडण्यात आली. हेतू चांगलाच होता: तेथील महसीर कमी होत आहे, तर त्यात भर घालावी. परंतु कावेरीचा स्वतःचा एक महसीर होता. पाठीवर उंचवटा असलेला, जगातील सर्वांत मोठ्या महसीरांपैकी एक. १९४६ मध्ये कबिनी नदीत गळाला लागलेल्या एका माशाचे वजन १२० पौंड, म्हणजे सुमारे ५४ किलो भरले होते. इतक्या प्रसिद्ध माशाला अचूक शास्त्रीय नावही नव्हते. केरळातील पांबार नदीतून २००७ मध्ये वर्णन केलेला 'टॉर रेमादेवी' तो हाच, हे २०१८ मध्ये स्पष्ट झाले. आणि त्याच वर्षी त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. गळाने मासे धरणाऱ्यांच्या १९९८ ते २०१२ या काळातील नोंदी शास्त्रज्ञांनी तपासल्या, तेव्हा बाहेरून आलेला निळ्या परांचा महसीर वाढत गेलेला आणि मूळचा जवळजवळ दिसेनासा झालेला आढळला. धरणे, वाळूउपसा आणि सुरुंग यांचा वाटा त्यात आहेच. परंतु पाहुण्याने यजमानाची जागा घेतली, हेही नाकारता येत नाही.

एका नदीतील माशाला वाचवण्याचा उपाय दुसऱ्या नदीतील माशाच्या मुळावर यावा, यास काय म्हणावे? येथे नीतिशास्त्रातील एक जुना भेद उपयोगी पडतो. आपल्या परंपरेने अज्ञानाचे दोन प्रकार मानले आहेत: जे प्रयत्न करूनही टाळता आले नसते ते, आणि जे थोडी चौकशी केली असती तर टळले असते ते. पहिल्याबद्दल माणूस दोषी नसतो. १९७० च्या दशकात महसीरच्या जातींचे वर्गीकरण तज्ज्ञांनाही उलगडले नव्हते. त्या पिढीला दोषी धरणे अन्यायाचे ठरेल. पण ते अज्ञान आज पुढे चालू ठेवता येणार नाही. कोणत्या नदीतील कोणते कूळ, याची पारख झाल्याखेरीज परक्या पाण्यात बोटुकली सोडणे, हे आता निष्पाप कृत्य राहिलेले नाही. जे कळले, त्याचे ओझे कळलेल्यावर येते.

यातून आणखी एक बोध घ्यावा. चांगला हेतू हा सत्कृत्याचा आरंभ असतो, त्याची पूर्तता नव्हे. कृत्य स्वतः योग्य असावे लागते आणि परिस्थितीही पारखावी लागते. दयेपोटी उपाशी माणसाला न मानवणारे अन्न दिले, तर दया खरी असूनही अपाय होतो. दयेला ज्ञानाची जोड द्यावी लागते, आणि ज्ञान मिळवण्याचे कष्ट हा दयेचाच भाग असतो.

तारू आणि किनारा

अशा केंद्रांना बऱ्याचदा नोहाच्या तारवाची उपमा दिली जाते. ती समर्पक आहे, पण आपण ती अर्धीच वापरतो. तारू हे राहण्याचे ठिकाण नव्हते; पाणी ओसरेपर्यंतचा तो आसरा होता. कबुतर बाहेर सोडले गेले ते जमीन शोधण्यासाठी, आणि कथेची परिपूर्ती झाली ती सर्व जीव तारवातून उतरले तेव्हा. उतरण्यास जमीनच नसेल, तर तारू हा फार तर सुखसोयींचा तुरुंग होईल.

उतरणे शक्य आहे, याचे एक उदाहरण मेक्सिकोत मिळते. तेथील तेउचित्लान नदीतून 'टेकिला स्प्लिटफिन' नावाचा लहानसा मासा नाहीसा झाला होता. इंग्लंडमध्ये हौशी मत्स्यपालकांनी त्याचा वंश राखला होता. १९९८ मध्ये त्याच्या पाच जोड्या मिचोआकान विद्यापीठाकडे आल्या. शास्त्रज्ञांनी त्या वाढवल्या. पण तेवढ्यावर न थांबता त्यांनी नदीची पाहणी केली, पाणी सुधारण्याचे प्रयत्न केले आणि काठच्या गावाला, विशेषतः मुलांना, त्या कामात सामील करून घेतले. मग मासे पुन्हा नदीत सोडले गेले, आणि तेथे ते स्वतःहून वाढू लागल्याचे २०२१ मध्ये जाहीर झाले. यश मिळाले ते टाकीतील कौशल्यामुळे खरेच. पण तितकेच गावाने नदीला आपले मानल्यामुळे.

आमच्या कृष्णेकडे पाहा. २०२२ आणि २०२३ मध्ये सांगली परिसरात नदीच्या पात्रात मेलेल्या माशांचा खच पडला होता. अशा पाण्यात उद्या खडशीची दहा हजार बोटुकली वाजतगाजत सोडली, छायाचित्रे काढली आणि सर्व जण घरी गेले, तर आपण काय केले? प्रायश्चित्ताच्या संस्कारात भरपाईबरोबर दुसरी एक गोष्ट अपेक्षित असते: ते कृत्य पुन्हा न करण्याचा दृढ निश्चय. एका हाताने मासे सोडावयाचे आणि दुसऱ्या हाताने मळी सोडावयाची, ही भरपाई नव्हे; ते पापाचे आगाऊ भाडे होय.

आक्षेप आणि उत्तरे

कोणी विचारील, माणसांना प्यायला पाणी नाही आणि तुम्ही माशांची काळजी करता? दुष्काळी तालुक्यात राहणाऱ्याने हा प्रश्न हलका लेखू नये. पण ज्या पाण्यात मासा गुदमरून मरतो, तेच पाणी खालच्या गावांच्या नळयोजनेत जाते. मासे मरतात तेव्हा भोई समाजाच्या चुली थंडावतात. त्यांना कोणी नुकसानभरपाई विचारीत नाही. मासा आणि माणूस यांत निवड करण्याचा प्रसंग फार क्वचित येतो. दोघांचा घास एकच हात हिरावून घेतो, असे बहुधा दिसते.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. जाती निर्माण होतात आणि नष्ट होतात, हा सृष्टिक्रमच नव्हे काय? मृत्यूही सृष्टिक्रमच आहे. म्हणून हत्या क्षम्य ठरत नाही. शिवाय एक जात गेली की एक जीव जातो असे नव्हे; पुढे येऊ शकणारे सर्व जीव त्यासोबत जातात. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी असा विचार मांडला की देवाचे चांगुलपण कोणत्याही एका प्राण्यात पुरते प्रकट होऊ शकत नाही, म्हणून त्याने नाना प्रकारचे जीव निर्मिले. एकात जे उणे, ते दुसऱ्याने भरून निघते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात हाच धागा पुढे नेला: प्रत्येक जातीला माणसाच्या उपयोगाहून निराळे, स्वतःचे मोल आहे. हे मानले, तर खडशीचे मोल तिच्या आकारावर किंवा गळकऱ्यांच्या आवडीवर ठरत नाही.

आणि येथेच आपल्या दयेची आणखी एक उणीव उघडी पडते. साइक्सने त्याच १८३९ च्या लेखनात इंद्रायणीतील 'नुक्ता' नावाच्या माशाचेही वर्णन केले. त्याच्या तोंडावर पुढे आलेल्या उंचवट्यामुळे तो विलक्षण दिसतो. कृष्णेच्या खोऱ्यातील हा मासाही संकटग्रस्त आहे. परंतु तो राजबिंडा नाही; त्याच्या शिकारीच्या कथा कोणी सांगत नाही. मोठ्यांच्या आजारपणाची वर्तमानपत्रात बातमी येते आणि गरीब निमूटपणे जातो, हा समाजाचा नियम आपण नद्यांनाही लावला आहे. एकेका जातीसाठी टाकी बांधत बसलो, तर टाक्या पुरणार नाहीत. नदी राखली तर खडशी, नुक्ता आणि ज्यांची नावेही आपणांस ठाऊक नाहीत असे सर्व जीव एकाच छताखाली राखले जातात.

आपला वाटा

यास्तव माझ्या मते कृत्रिम प्रजनन हे धर्म्य कर्म आहे, परंतु तीन अटींवर. ते तात्पुरते असावे: परतण्याची नदी डोळ्यांसमोर ठेवूनच ते चालावे. ते सुज्ञ असावे: ज्या नदीचे बीज त्याच नदीला, आणि पुरेशा विविध नर-माद्यांपासून. आणि ते प्रामाणिक असावे: नुकसान चालू ठेवण्याचा परवाना म्हणून त्याचा वापर होऊ नये. या अटी पाळणारा शास्त्रज्ञ त्या अंधाऱ्या ट्रेपुढे रात्र जागवतो, तेव्हा तो आपल्या सर्वांच्या वतीने ऋण फेडत असतो.

उरलेले फेडणे आपल्याकडे आहे. घरातील काचपेटीतले मासे कंटाळा आला म्हणून विहिरीत वा ओढ्यात सोडू नयेत. ती दया नव्हे. आषाढ-श्रावणात वर चढणाऱ्या, अंडीभरल्या माशांची मारेकरी हौस आपल्या तरुणांनी टाळावी. गावतळ्यात मत्स्यबीज सोडण्याचा ठराव ग्रामसभेत येईल, तेव्हा ते कोणते आणि कोठले, एवढा प्रश्न उभे राहून विचारावा. गावाचे सांडपाणी कोठे जाते, हाही प्रश्न विचारावा, आणि उत्तर मिळेपर्यंत पुन्हा विचारावा. ज्याच्या शेतातून औषधाचे पाणी ओढ्यात उतरते, त्याने आपल्या बांधापासून आरंभ करावा.

पावसाळ्यात येरळा काही दिवस वाहते. कृष्णेतून वर येणाऱ्या एखाद्या माशाला तेवढ्या दिवसांत तरी वाट मोकळी आणि पाणी निर्मळ मिळावे, इतके देणे आपल्या पिढीला जड नाही. ते दिले, तर लोणावळ्याच्या टाकीतील श्रमांना उतरण्यास किनारा मिळेल.